रत्नागिरीची गाठ सुटली, वहिनीच्या माहेरामुळे

मंडळी, रत्नागिरीची गाठ अखेर सुटली. निदान अर्धी तरी.

जनगणनेच्या आकड्यांवरून रत्नागिरी जिल्ह्यातून किती माणसं बाहेर गेली ते काढतोय, त्यात कुठे अडलो होतो ते पुन्हा सांगतो. 2001 ला जिल्ह्यात 16,96,777 माणसं, 2011 ला 16,15,069. घट 81,708. तिच्यात दहा वर्षांतले जन्म वजा मृत्यू मिळवले की बाहेर गेलेल्यांचा निव्वळ आकडा निघायला हवा. निघायचा, पण माझ्या हिशेबात दहाच्या आतली मुलं भलतीच जास्त गेलेली दिसायची. त्यांचे आईबाप मात्र त्या प्रमाणात हललेले नाहीत! तीन रविवार यातच गेले. आधी संशय स्कॅनवर. जनगणनेच्या जुन्या जिल्हा-हँडबुकांत ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर) 3 चा सर्रास 8 करतं, म्हणून सगळ्या तालुक्यांची बेरीज हाताने मांडली. चूक सापडली नाही.

परवा भावाने पुतण्याच्या शाळाप्रवेशासाठी कागद काढले. घर कांजूरमार्गला, जन्मदाखला रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याचा. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती. 1969 च्या कायद्यानुसार जन्म जिथे होतो तिथेच नोंदला जातो. पोर दोन महिन्यांत मुंबईत आलं, जनगणनेतही मुंबईतच मोजलं जाणार, पण जन्म रत्नागिरीच्या खात्यात. माझ्या सूत्राने ते तान्हं बाळ स्थलांतरित ठरतं. अडलेली बाळंतीण गावाहून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात येते तेव्हा याच्या उलट होतं.

रात्रीच डी-3, म्हणजे जनगणनेचा स्थलांतराच्या कारणांचा तक्ता उघडला. स्थलांतराच्या कारणांत नोकरी, लग्न यांच्या शेजारी ‘जन्मानंतर स्थलांतर’ असा स्वतंत्र रकाना आहे. इतके दिवस मी तो ‘इतर’मध्ये मिळवत होतो. तो वेगळा काढाच, सगळ्यांना सांगतोय. अडचण एवढीच की तिथे ‘राज्यातले इतर जिल्हे’ एकत्र येतात. बाळ लांज्याहून आलं की कराडहून, ते कळत नाही. म्हणून गाठ अर्धीच.

आणि हे लिहिता लिहिताच वाटतंय, जन्म हिशेबात घ्यायचेच कशाला? सी-14 या जनगणनेच्या वयाच्या तक्त्यातले पाच-पाच वर्षांचे वयोगट घेऊ. 2001 चे 15-19 वाले 2011 ला 25-29 होतात. जगण्याचं प्रमाण (दहा वर्षांनी त्यांतले किती जिवंत असतील ते) लावायचं, जेवढे कमी भरतील तेवढे गेले. प्रमाण मात्र अख्ख्या देशाचं, महाराष्ट्राचं नको, त्यात परराज्यांतून आलेले मिसळलेत. वय 25, 30 असं ठोकळ सांगायची सवयही दोन्हीकडे सारखीच येते, त्यामुळे फारसा घोळ नाही. दहाखालची मुलं यात सुटतात, ती डी-3 वरून बघू. म्हणजे या महिन्यात ठरवलेले नकाशे पुढे ढकलले.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला, म्हणून 2011 चं ठाणे तालुक्यांवरून फोडत होतो. पालघरचे आठ तालुके 29,90,116, उरलेलं ठाणे 80,70,032. बेरीज 1,10,60,148, छापील आकड्याशी तंतोतंत! तो आकडा मी बराच वेळ नुसता बघत बसलो. हे काम पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने केलं. जनगणनेच्या फायलींतले जोडलेले सेल एक्सेलमध्ये सोडवत बसू नका, जीव जातो.

आता स्त्री-पुरुष वेगवेगळे मांडणार. रत्नागिरीत 2011 ला हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, मुंबई शहरात 832. चाकरमानी कुठल्या वयात घर सोडतो ते इथेच दिसेल. 1991 चे रत्नागिरीचे वयोगटाचे तक्ते कुणाकडे कागदावर असतील तर सांगा, मी येऊन फोटो काढून नेईन.