पुराचा माल : आमच्या दुकानाची वाटचाल

आमच्या अण्णांनी १९६९ साली सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात दुकान टाकलं, तेव्हा पाटीवर 'रेडिओ दुरुस्ती' एवढंच लिहिलं होतं. रेकॉर्डी दुकानात आल्या त्या मांडववाल्यांमुळे. गणपती, लग्नसराई, गावोगावच्या जत्रा. लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीत पन्नासेक रेकॉर्डी लागायच्याच आणि एका हंगामात त्या खलास व्हायच्या. उघड्यावरची धूळ, ऊन, झिजलेली पिन आणि तेच गाणं दिवसातून वीस वेळा, मग दुसरं काय होणार? 'शोले'च्या संवादांची पॉलिडोर कंपनीची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी प्लास्टिकची मोठी रेकॉर्ड, एकेका मांडववाल्याने तीन-तीनदा नेली.

घरगुती गिऱ्हाईक वेगळं. नाटकवाल्यांचं गाव आमचं. गावभागातल्या वाड्यांत बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई यांच्या लाखेच्या तबकड्या पेटाऱ्यांत भरून ठेवलेल्या असायच्या. मिरज शेजारी, तिथे गवई अब्दुल करीम खाँसाहेब राहिलेले, त्यांची कबरही तिथेच, त्यामुळे त्यांच्या ओडियन कंपनीच्या तबकड्या देवघराशेजारी ठेवणारी घरंही मी पाहिली आहेत. सत्तरच्या आसपास या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या म्हणून '७८ च्या' तबकड्या निघायच्या बंद झाल्या, लोक एलपीकडे वळले आणि हे पेटारे एकेक करून आमच्या दारात यायला लागले. पुढे कॅसेटी आल्या, तेव्हा एलपीही त्याच वाटेने आल्या. अण्णांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. आई म्हणायची, "दुकानात माल भरताय की दगडं?" अण्णा म्हणायचे, "लोकांचा जीव आज उठलाय, उद्या परत येईल. तोवर कुणीतरी ठेवायला पाहिजे."

आमचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. कॅसेटी विकल्या, डेक दुरुस्त केले, सीडी विकल्या, घर चाललं.

बँकेतले काका मात्र सांगायलाच हवेत. नाव घातलेलं त्यांना आवडणार नाही. १९७१ ला ते बँकेत चिकटले आणि पहिल्या पगारातून आमच्याकडून एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर घेऊन गेले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायचे. रेकॉर्ड कव्हरातून काढून उजेडात तिरकी धरायचे, कडेला दोन तळव्यांत, खाचांना बोट न लावता. घरी नेली की लेबलवर पेन्सिलीने बारीकशी तारीख टाकायचे. गीतरामायणाच्या दहा एलपींचा संच त्यांनी हप्त्याने घेतला. १९८६ ला मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी रिक्षात घालून सगळा साठा घेऊन आले. म्हणाले, "आता कॅसेट ऐकतो. जागा अडते नुसती." अण्णांनी पैसे दिले, पण तो साठा फोडला नाही, मागच्या फळीवर तसाच ठेवला. सात वर्षांनी काका आले आणि अर्ध्याहून जास्त परत घेऊन गेले. रिटायर झाल्यावर पुन्हा विकायला काढला, तेव्हा अण्णा नव्हते, मी घेतला. मग २०१५ च्या सुमारास नवी पोरं रेकॉर्डी शोधत यायला लागली. ते बघून काकांच्याही मनाने परत उचल खाल्ली आणि तो साठा तिसऱ्यांदा त्यांच्या घरी गेला. ज्यांना याचं हसू येतं त्यांनी कधी काही जमवलेलं नसतं. दोन-तीन वर्षं रोज ऐकायचं, मग पाच वर्षं धूळ झाडायलाही फिरकायचं नाही, हे मी निदान शंभर घरांत पाहिलंय. त्यात लबाडी नाही. मनाला विसावा लागतो.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

आमच्याकडे एक मुलगा तीन वर्षं होता. हुशार, हात हलका. त्याला मी पिन ओळखायला शिकवलं. अण्णांचं सोनारी भिंग आहे आमच्याकडे, पितळी कडीचं. त्यातून पिनेचं टोक पाहिलं की गोल आहे की एका बाजूने झिजून छिन्नीसारखं झालंय ते कळतं. झिजलेली पिन दहा तासांत रेकॉर्डचं वाटोळं करते. लाखेच्या ७८ ची खाच रुंद, तिला जाड टोकाची पिन लागते. एलपीची पिन त्यात तळाला लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते. चावीच्या फोनोची मोटार उघडायची कशी, स्प्रिंगला ग्राफाइट घातलेलं ग्रीस किती भरायचं, अभ्रकाची चकती साउंडबॉक्समध्ये, म्हणजे पिनेवरच्या आवाजाच्या डबीत, बसवताना रबर किती आवळायचं, सगळं त्याला दिलं. २०१७ ला तो गेला. स्वतःचा धंदा काढला, फोनवरून, दुकान नाही. याचं मला दुःख नव्हतं. शिकलेला माणूस उडणारच.

ऑगस्ट २०१९. २००५ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण दुकानाच्या खांबावर होती, आणि त्या खुणेच्या दोन फूट वर मी नवी फळी मारून घेतली होती. सगळ्या बाजारपेठेने तेच केलं होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या दुकानात आठ दिवस पाणी होतं. सात हजार रेकॉर्डींपैकी चार हजार तीनशे पाण्याखाली. वरच्या माळ्यावरच्या तेवढ्या कोरड्या राहिल्या.

शटर उघडलं तेव्हाचा वास अजून नाकात आहे. एलपीची पुठ्ठ्याची कव्हरं फुगून एकमेकांत घट्ट बसली होती, फळीतून एकही निघेना. शेवटी फळ्या करवतीने कापल्या. एलपीचं एक बरं असतं, लेबल छापतानाच दाबात बसवलेलं असतं, ते सुटत नाही. कव्हरच्या तीन कडा ब्लेडने कापायच्या आणि ओला पुठ्ठा सालीसारखा ओढून काढायचा. लाखेच्या तबकड्यांचं तसं नाही. आठ दिवसांत त्यांच्या लेबलांचा लगदा झाला होता, आणि ज्यांच्या कडेला चीर होती त्यांच्या आत पाणी शिरून त्या पापडासारख्या उकलल्या.

विम्याचा माणूस आला. म्हणाला, खरेदीची बिलं दाखवा. पन्नास वर्षांत वाड्यांतून पेटारे घेतले, त्याचं बिल कोण देणार? अण्णांची चोपडी होती, तिचाही लगदा झाला होता. पंखे, काउंटर आणि दोन ॲम्प्लिफायर एवढ्याचे पैसे मंजूर झाले. माल 'भंगार' म्हणून लिहिला. तो कागद मी जपून ठेवलाय. एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज काढलं आणि धुवायला बसलो. मी, सौ., धाकटा भाऊ, आणि चौथ्या दिवसापासून काका.

काकांचंही घर गावभागात. त्यांचा साठा तळमजल्यावर होता. एक टेम्पोवाला गल्लीत हिंडत होता, गाद्या, पुस्तकं, रेकॉर्डी, सगळं किलोवर घेत होता. काकांनी वैतागून सगळं देऊन टाकलं. मला म्हणाले, "संपलं रे ते. सुटलो एकदाचा." आणि तेच काका चौथ्या दिवशी चड्डी-बनियनवर येऊन टबाशेजारी बसले. मी विचारलं, "काका, तुम्ही कशाला?" म्हणाले, "तू चुकीच्या दिशेने पुसतोयस. खाचेबरोबर पूस, आडवं नको."

लेबल भिजू नये म्हणून मी एक हत्यार केलं होतं. स्टीलच्या दोन वाट्या, तळाला भोक, काठाला सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबर, आणि मधोमध सहा मिलिमीटरचा बोल्ट. रेकॉर्डच्या भोकातून बोल्ट घालून वाट्या दोन्ही बाजूंनी आवळल्या की लेबल आत सुरक्षित आणि धरायला मूठही होते. साधं पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्ड, बॅटरीवाल्याकडून कॅन आणायचो, नाहीतर नळाच्या पाण्याचे क्षार खाचेत बसतात आणि कायमची खरखर मागे लागते. वाळवायला सौ.ने घरची ताटाळी आणली. जेवणाच्या ताटांच्या जागी एलपी उभ्या. अडीच महिने आम्ही जमिनीवर वाढून घेऊन जेवलो. दोन हजार नऊशे वाचल्या.

आणि नेमकं त्या वेळी बाहेर बोललं जायला लागलं, "सांगलीच्या दुकानाचा माल घेऊ नका. पुराचा माल आहे." कुठून सुरू झालं ते मला नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, स्क्रीनशॉटच पाठवला. तीन वर्षं माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून डबा खाल्लेल्या मुलाने ते लिहिलं होतं. माळ्यावरचा कोरडा मालही कुणी घेईना. मग २०२० चा मार्च आला, दुकानच बंद. सप्टेंबरपर्यंत दिवसाला एक पिन खपली तरी सौ. देवापुढे साखर ठेवायची.

मी उत्तर लिहिलं नाही. कार्डं केली. धुतलेल्या प्रत्येक रेकॉर्डच्या पिशवीत एक कार्ड: 'ऑगस्ट २०१९ च्या पुरात भिजली. धुतली. मूळ कव्हर नाही. पहिली बाजू पूर्ण वाजवून पाहिली.' किंमत निम्मी, फळी वेगळी. भाऊ म्हणाला, आपणच आपल्या मालावर डाग लावतोयस. पण जे झालंय ते लिहिल्यावर कुणी काय बोलणार?

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. त्या वेळी सगळं आदल्या रात्रीच वरच्या मजल्यावर होतं.

त्याच दिवाळीत नाशिकचे एक डॉक्टर दुकानात आले. त्यांनी एक एलपी दाखवली, नव्या चकचकीत कव्हरात, 'कोरडा साठा, एकहाती मालक' म्हणून भरपूर पैसे देऊन घेतलेली. वाजताना एका बाजूला सारखी टकटक येते, बघा म्हणाले. मी अण्णांचं भिंग लावलं. लेबलच्या कडेला, जिथे खाचा संपतात, तिथे बारीक पिवळट रेघ होती. कृष्णेचा गाळ मी दोन हजार नऊशे वेळा धुतलाय, तो मला ओळखू येतो. आणि लेबलवर पेन्सिलीने तारीख होती. मी काकांना फोन करून बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा वर केला, रेकॉर्ड नाकाशी नेली, आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही मी टेम्पोवाल्याला दिली होती."

डॉक्टरांनी कुणाला काय सांगितलं मला माहीत नाही. मी कुणाला काही सांगितलं नाही, आज इथे लिहितोय तेवढंच. पण वर्षभरात गिऱ्हाईक परत आलं, आणि सगळ्यात आधी संपली ती कार्डांची फळी. ती एलपी मी डॉक्टरांना फुकट धुऊन दिली. काकांनी ती विकत मागितली होती. डॉक्टर नाही म्हणाले, तो त्यांचा हक्क होता.

या धंद्यात नव्याने पडणाऱ्यांना आणि घरात जुना पेटारा असणाऱ्यांना थोडं सांगतो. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका. फर्निचरवाले लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात, तुमचीही विरघळेल. रेकॉर्डी एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, आणि तिरक्या झुकू देऊ नका. सुटकेसमधले स्वस्त प्लेअर दिसायला गोड असतात, पण त्यातल्या बऱ्याचशांचा पिनेचा दांडा जड असतो, जुन्या रेकॉर्डवर त्यांचा भार टाकू नका. त्यापेक्षा जुना गॅरार्ड कंपनीचा प्लेअर दुरुस्त करून घ्या. आणि घरातलं माणूस गेल्यावर तेरा दिवसांच्या आत त्याचा साठा कुणालाही देऊ नका. आम्हालासुद्धा. मी तेव्हा दारात आलेल्याला परत पाठवतो. छंद ओसरला म्हणून विकत असाल तर निम्मा विका. नव्या परदेशी रेकॉर्डींच्या किमती बघून आपल्या पेटाऱ्याचे भाव ठरवू नका, आणि किलोवर तर मुळीच देऊ नका.

लेबल नसलेल्या एकशेदहा लाखेच्या तबकड्या अजून शिल्लक आहेत. वाजतात, पण कुणाच्या ते कळत नाही. लेबलशेजारी लाखेत उमटलेला नंबर भिंगातून वाचायचा आणि जुन्या कॅटलॉगांशी ताडून पाहायचा, हे काम काका करतात. शनिवारी दुपारी तीनला येतात, पहिलाच शनिवार असं आता राहिलं नाही. अगदी जुन्या तबकड्यांत गाणारे शेवटी स्वतःचं नाव सांगायचे. तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीला जायच्या, आणि तिथल्या कामगारांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही पद्धत होती म्हणतात. म्हणून आम्ही प्रत्येक तबकडी शेवटपर्यंत वाजवतो, मध्ये उचलत नाही. गेल्या शनिवारी एकीवर तीन मिनिटं नुसती खरखर आणि त्यामागे कुठेतरी बाईचा बारीक आवाज येत होता. गाणं थांबलं, काकांनी हात वर केला, सौ.ने पंखा बंद केला. बाईंनी नाव सांगितलं, पण नेमक्या तिथेच ओरखडा आहे. फक्त शेवटचं '-बाई' ऐकू आलं.

काकांनी स्टीलची पिन बदलली आणि फोनोला परत चावी द्यायला घेतली.