आठांतलं शेवटचं अक्षर

भाच्याच्या बारशाला बिटकॉइन द्यायचं, तेही तो अठराचा झाल्यावरच हाती पडेल असं, ही खुमखुमी माझीच. ताई म्हणाली, "त्यापेक्षा चांदीची वाटी आण."

सदाशिव पेठेतल्या खोलीत रात्री सराव सुरू केला, सिग्नेटवर, म्हणजे बिटकॉइनच्या चाचणीच्या जाळ्यावर. तिथली नाणी फुकटची, चुकलो तरी घरचं काही जात नाही. लॉकटाइममध्ये, म्हणजे 'याआधी हा व्यवहार घेऊ नका' असं सांगणाऱ्या रकान्यात, शंभर ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) पुढचा आकडा टाकला, म्हणजे साधारण सोळा-सतरा तास. सही केली, पाठवलं. नोडने, म्हणजे व्यवहार तपासणाऱ्या संगणकाने, नाक मुरडायला हवं होतं. त्याने मुकाट घेतलं आणि पुढच्याच ब्लॉकमध्ये व्यवहार पक्का!

दोन रात्री डोकं खाजवलं. लॉकटाइम अख्ख्या व्यवहाराचा असला तरी तो पाळायचा की नाही, हे इनपुटमधला (खर्चायच्या नाण्याच्या नोंदीतला) चार बाइटचा सिक्वेन्स नावाचा आकडा ठरवतो; हेक्समध्ये, म्हणजे 0 ते 9 आणि ए ते एफ वापरून, तो आठ अक्षरांत लिहितात. सगळ्या इनपुटांत आठच्या आठ एफ असले, की लॉकटाइमकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामने नेमके तेच भरले होते.

शेवटचं अक्षर ई केलं. लगेच 'नॉन-फायनल' म्हणून व्यवहार परत! इतका आनंद मला एरर बघून कधी झाला नव्हता. डी केलं तर कुलूप राहतंच, वर बदलीची खूणही लागते: जादा फी देऊन हाच व्यवहार बदलता येईल, असं सांगणारी. हा 2015 चा बिप-125, म्हणजे बिटकॉइन सुधारणेचा प्रस्ताव. नोड चालवणाऱ्या बिटकॉइन कोअर सॉफ्टवेअरच्या 2024 च्या 28 व्या आवृत्तीपासून मात्र खूण नसली तरी नोड बदली घेतो, त्यामुळे आठ एफ म्हणजे 'आता बदल नाही' या भरवशावर राहू नये. गंमत म्हणून नुसते 5 टाकले, तर व्हर्जन 2 च्या व्यवहारात ते निराळंच कुलूप निघालं: आधीचं नाणं पाच ब्लॉक जुनं होईपर्यंत थांबा.

मग ताईनेच विचारलं, "मधे तूच ते नाणं खर्चलंस तर?"

खरंच की. सही केलेला व्यवहार माझ्याच लॅपटॉपवर पडून राहणार. तोवर तेच नाणं मी दुसरीकडे उडवू शकतो. नाण्यालाच कुलूप हवं तर ते सीएलटीव्ही या आज्ञेने नाण्याच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ते खर्चण्याच्या अटींत, घालावं लागतं, आणि तिथेही खर्च करताना त्या इनपुटात आठ एफ चालत नाहीत.

बारसं चार दिवसांवर आलं होतं. लक्ष्मी रोडवर जाऊन वाटी घेतली, चमच्यासकट.