रॉन वुडरूफ बरोबर कुठे, चुकला कुठे

‘डॅलस बायर्स क्लब’ (2013) मधला रॉन वुडरूफ शेजारी राहायला आला, तर दुसऱ्याच दिवशी सोसायटीची मीटिंग बोलवावी लागेल. पैजेचे पैसे घेऊन पळणारा, तोंडात सतत शिवी, समलिंगी माणसांचा तिटकारा. 1985 मध्ये एचआयव्ही निघतो आणि डॉक्टर सांगतात, 30 दिवस. पुढे ज्यांना हिणवलं त्यांनाच तो औषधं पुरवतो, पण महिन्याचे 400 डॉलर मोजून घेऊन. मान्यता नसलेलं औषध विकता येत नाही, पण पळवाट झकास आहे: विकायचं ते क्लबचं सभासदत्व, औषध सभासदाला ‘फुकट’. दिग्दर्शक जाँ-मार्क व्हॅलेनं त्याला संत केलेलं नाही, हे फार बरं. सुपरमार्केटमध्ये तो जुन्या दोस्ताची मान आवळून त्याला रेयॉनशी, म्हणजे क्लबातल्या आपल्या ट्रान्स भागीदाराशी, हात मिळवायला लावतो. चांगलं वागण्याची रीतही गुंडाचीच!

सिनेमा गंडतो तो एझेडटीपाशी, म्हणजे एचआयव्हीवरच्या पहिल्या औषधापाशी. ते विषच होतं असं वाटत राहतं. खरी गडबड डोसमध्ये होती. सुरुवातीला दर चार तासांनी 250 मिलिग्रॅम, म्हणजे रात्री उठूनसुद्धा, दिवसाला 1500. एवढ्यानं अस्थिमज्जा दबते, हिमोग्लोबिन कोसळतं, रक्त चढवायची वेळ येते. दुसरी गडबड म्हणजे औषध एकटंच दिलं जायचं. हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना सारखा चुकतो. त्या चुकांतून एझेडटीला न जुमानणारे विषाणू काही महिन्यांत माजतात. पुढे डोस 600 वर आला, 1996 च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला लागले आणि माणसं जगू लागली. कमी डोसच्या एझेडटीनं लाखो जीव वाचवले, हे सिनेमा शेवटच्या पाटीवर उरकतो. रॉन ज्याच्यासाठी कोर्टात भांडतो ते पेप्टाइड टी नावाचं औषध मात्र चाचण्यांत टिकलं नाही. औषध मिळवण्याचा हक्क मागण्यात तो बरोबर होता, औषधाची पारख त्याला तेवढी जमली नाही.

आपल्याकडे औषधांसाठी रॉनसारखी पाद्र्याच्या वेषात सरहद्द ओलांडावी लागली नाही. 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं. ही मोकळीक 2005 पर्यंत टिकली. त्या जोरावर मुंबईच्या सिप्लानं फेब्रुवारी 2001 मध्ये तीन औषधांचा वर्षाचा कोर्स 350 डॉलरला देऊ केला. बड्या कंपन्यांचा भाव तेव्हा 10,000 च्या पुढे होता. तरी 350 डॉलर म्हणजे त्या काळचे सुमारे 16,000 रुपये, चाळीतल्या घराला तेही जड. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा औषधोपचार, मोफत झाली. पहिल्या केंद्रांत भायखळ्याचं जे.जे. होतं.

आज बहुतेकांना रोज एकच गोळी असते: टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300, डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम. घोटाळा होतो तो सोबतच्या गोळ्यांनी. अँटासिड, लोह किंवा कॅल्शियम डोल्युटेग्रॅव्हिरला आतड्यात बांधून ठेवतं. म्हणून एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर केंद्रात सांगा, डोल्युटेग्रॅव्हिरसोबत त्याचा डोस दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. आणि मुंबईत हमखास निघणारा टीबी: त्यातलं रिफाम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्रॅव्हिर 12 तासांच्या अंतरानं दोनदा लागतं. ही जादा 50 ची गोळी टीबीचा कोर्स संपला तरी लगेच थांबवायची नसते, पुढे दोन आठवडे घ्यायची असते.