ब्रेक पॅड बदलल्यावर हवा काढणं: माझा अनुभव

नुसते पॅड बदलले तर ब्रेक ऑइलच्या नळ्यांतली हवा काढावी लागत नाही. पॅड डिस्कवर दाबणारा पिस्टन मागे ढकललेला असतो म्हणून पेडल पहिल्यांदा थेट तळाला जातं. गाडी जागची हलवण्याआधी चार-सहा वेळा दाबलं की वर येतं. तरीही स्पंजासारखं लागलं तर हवा आहे.

मी मात्र हवा काढतोच, कारण पिस्टन दाबताना निपल (हवा-ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) उघडा ठेवतो. कॅलिपरमधलं (पिस्टन बसलेल्या भागातलं) काळं ऑइल एबीएसकडे, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडे, परत जाण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं.

माझ्या हॅचबॅकला पुढे डिस्क, मागे ड्रम. उघडलेत फक्त पुढचे निपल, त्यामुळे पुढचीच दोन चाकं. आधी लांबचं डावं, कारण मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) उजवीकडे. चारही चाकं करायची असतील तर क्रम गाडीच्या मॅन्युअलमधला. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली पुरते. महिनोन्महिने उघडी पडलेली वापरू नये, ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि २३० अंशांचा उत्कलनबिंदू १५५ पर्यंत उतरू शकतो. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

निपलला रिंग पानाच लावायचा, फिक्स पान्याने कडा झिजतात. पारदर्शक नळीचं दुसरं टोक वेगळ्या बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं. पेडलवर मुलगा असतो. तीनदा दाबून धरायला सांगतो, पाव फेरा उघडतो, पेडल खाली जातं, निपल आवळतो, मगच "सोड". पाय आधी उचलला तर हवा उलट आत जाते. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. नाहीतर पेडल तळाला गेलं की एरवी न वापरल्या जाणाऱ्या खडबडीत भागावर मास्टर सिलिंडरचं सील घासून फाटतं.

पाच-सहा वेळा झालं की मास्टर सिलिंडरवरच्या डबीतली ऑइलची पातळी बघायचीच. डबी रिकामी झाली तर हवा एबीएस युनिटपर्यंत जाऊ शकते, आणि काही गाड्यांत ती स्कॅनरशिवाय (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राशिवाय) निघत नाही.

मोठे बुडबुडे थांबले तरी बारीक फेस संपतच नसेल, तर निपल जास्त उघडलाय. ती हवा आट्यांमधून येते, आतली नव्हे. इथे बरेच जण उगाच बाटलीभर ऑइल घालवतात.

पेडल कडक पण खोल लागतंय? हँडब्रेक थोडा ओढून दाबून बघा. वर आलं तर मागच्या ड्रममधल्या ब्रेक शूजची फट वाढलीय, ती कमी करणारा ॲडजस्टर फिरवा.

शेवटी इंजिन चालू ठेवून मिनिटभर पेडल दाबून धरतो. हळूहळू खचलं आणि गळती कुठेच दिसली नाही, तर संशय मास्टर सिलिंडरवर.