वाळवंटात सापडलेला दगड आणि त्याचं वर्गीकरण : माझा अनुभव

२२ मे २०१२ ला काटोलला उल्का पडली तेव्हा मी नागपुरात बारावी देऊन घरी बसलो होतो, तेव्हापासून मला हे वेड लागलंय. पुढे नोकरीनं मोरोक्कोत आलो. फेब्रुवारी २०२२ मध्ये झागोराच्या पुढे, जिथे वाळू कमी आणि नुसती दगडगोट्यांची सपाट जमीन आहे, तिथे फिरताना फिकट खड्यांमध्ये एकच काळा-चॉकलेटी दगड दिसला. मुठीएवढा, कडा गोलसर, हातात घेतला तर आकाराच्या मानानं चांगलाच जड. आणि चूक तिथेच झाली. उचलायच्या आधी फोटो काढला नाही, जीपीएस घेतलं नाही. माझा फोन बंद पडला होता पण ड्रायव्हरचा चालू होता, आनंदाच्या भरात सुचलंच नाही.

घरी येऊन दुसरी चूक केली, निओडायमियमचं चुंबक लावलं. बहुतेक उल्कांमध्ये लोखंड असतं, त्यामुळे चिकटलं म्हणून मी खूश, पण असल्या जोरदार चुंबकानं दगडातली मूळची चुंबकीय नोंद पुसली जाते हे नंतर कळलं. होकायंत्र जवळ नेऊन सुई हलते का बघायचं, तेवढं पुरतं. मग एक कोपरा घासला तर आत राखाडी आणि त्यात बारीक बारीक चमकणारे धातूचे कण, पृथ्वीवरच्या साध्या दगडात असं सहसा दिसत नाही.

दगड तपासून त्याचं वर्गीकरण कराल का म्हणून तीन युनिव्हर्सिट्यांना मेल केले, एकीनं हो म्हटलं. अट अशी की एकूण वजनाच्या २० टक्के किंवा २० ग्रॅम, यातलं जे कमी असेल ते त्यांच्या संग्रहात कायमचं द्यायचं. माझा दगड ४१२ ग्रॅमचा, म्हणजे २० ग्रॅम. देशाबाहेर पाठवायच्या परवानगीत अडीच महिने गेले आणि पुढे जवळपास वर्षभर नुसतं थांबणं.

मग एक दिवस फोटो आला. दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती करून ध्रुवित प्रकाशात काढलेला. निळे, पिवळे, गुलाबी तुकडे आणि मधेमधे गोल दाणे, एकात तर सरळ रेघा ओळीनं मांडल्यासारख्या. हे दाणे म्हणजे कॉन्ड्रूल, सूर्यमाला बनत होती तेव्हा वितळून थिजलेले थेंब, साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचे. मी तो फोटो रात्री कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

ऑलिव्हिन या खनिजात फायालाइट, म्हणजे त्यातला लोखंडाचा घटक, २४.६ टक्के निघालं म्हणून असे दाणे असलेल्या उल्कांच्या गटांपैकी गट एल, एच गटात ते १६ ते २० असतं. दाणे ओळखू येतात पण कडा पुसट झाल्यात म्हणून प्रकार ५, म्हणजे मूळ लघुग्रहात बराच तापलेला. अवकाशातल्या टकरींच्या धक्क्याची पातळी एस ३, गंज डब्ल्यू २. काटोलची उल्कासुद्धा एलच, एल ६, म्हणजे गट एल, प्रकार ६! या गटाचा मूळ लघुग्रह साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वी मोठ्या टकरीत फुटला असं मानतात, म्हणजे काटोलचे दगड आणि हा माझा दगड बहुतेक एकाच घरातले.

मेटिऑरिटिकल सोसायटीच्या नामकरण समितीनं मंजुरी दिली, नाव मिळालं नॉर्थवेस्ट आफ्रिका आणि पुढे एक नंबर. नेमकी जागा माहीत नसलेल्या इथल्या हजारो दगडांना हेच नाव असतं. दाणे मोजले, लोखंड मोजलं, गंजसुद्धा मोजला, फक्त अक्षांश-रेखांशाची जागा कोरी, आणि ती भरणं एकट्या माझ्या हातात होतं.