छत्रीचा घोळ, अपडेट तिसरा (पिस्ता भिंतीसकट)

मागच्या अपडेटमधे लिहिलं होतं की फोटोच्या फ्लॅशसाठी ३३ इंची पांढरी शूट-थ्रू छत्री (फ्लॅश तिच्या कापडातून आरपार मारायचा, लाइट मऊ होतो) घेतली, आता नुसते पोर्ट्रेटच पोर्ट्रेट. तर आईला खिडकीशेजारी बसवून पहिले दहाबारा फोटो काढले, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दाखवले, आणि ती म्हणाली, "अरे मी हिरवी का दिसतेय, शेवाळ धरल्यासारखी?"

आणि खरंच होती. आमचा डोंबिवलीचा हॉल १० बाय १४, छत साडेनऊ फूट, भिंती पिस्ता कलरच्या (दिवाळीआधी रंग काढला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं). शूट-थ्रू छत्रीतून लाइट पुढे जातो तसा बराचसा कापडावर आपटून मागेही फिरतो, तो भिंतीवर जातो आणि हिरवा होऊन परत येतो. म्हणजे आईचा उजवा गाल एकदम मस्त, मऊ, आणि डाव्या गालाची सावली पिस्ता. व्हाइट बॅलन्सने (अख्ख्या फोटोचा रंग एकदम सरकवणारं सेटिंग) जाईल असं वाटलं होतं पण नाही जात, मजेंटा वाढवला की सावली बरी होते आणि उजवा गाल लग्नातल्या मेकअपसारखा गुलाबी होतो. दोन गालांवर दोन रंगांचा लाइट असेल तर एक स्लायडर काय करणार.

मग मित्राची सिल्व्हर छत्री आणली. ही रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे फ्लॅशचं तोंड माणसाकडे नाही, छत्रीच्या पोटात. लाइट भरपूर, फ्लॅशची पॉवर १/४ वरून १/८ वर आणता आली, सेल पण जास्त टिकले. पण कपाळावरचं तेल असं चमकतं की बाबांचा फोटो बघून वाटलं आत्ताच चंपी करून बसलेत. ग्रुप फोटोला लांबून ठीक असेल, घरच्या माणसांच्या क्लोजअपला मला नाही आवडली.

शेवटी फोर्टला बोरा बाजारात जाऊन ४३ इंची घेतली, आतून पांढरी, बाहेरून काळं कव्हर, कव्हरसकट सिल्व्हरसारखी उलटी वापरायची, कव्हर काढलं की तीच शूट-थ्रू. दुकानदार ६० इंचीच घ्या म्हणत होता, मी म्हटलं दादा ती उघडली तर आम्ही जेवायला कुठे बसायचं. घेताना छत्री तिथेच उघडा, फिरवून बघा, काड्यांचे रिव्हेट बघा, आणि आपला ब्रॅकेट (स्टँडवर फ्लॅश आणि छत्री धरतो तो) सोबत न्या. माझ्या ब्रॅकेटच्या भोकात पहिल्या छत्रीचा दांडा लुडबुडत होता, कागदाची घडी घालून चालवत होतो. काड्या फायबरच्या असतील तर वाकून परत सरळ होतात, लोखंडाच्या वाकल्या की वाकल्या. हे कसं कळलं ते सांगतो, फॅन चालू होता, स्टँड सगळ्यात वर नेलेला, धाडकन पडला. जुनी छत्री होती म्हणून बरं. आता स्टँडच्या पायाला ५ किलो तांदळाची पिशवी लटकवलेली असते.

काळ्या कव्हरमुळे लाइट कापडातून आरपार भिंतीवर जात नाही, हिरवा गाल जवळजवळ गेला!! पण फुकट काही नाही. शूट-थ्रू चेहऱ्यापासून दोन फुटांवर आणता यायची, हिचा दांडा आणि फ्लॅश माणसाच्याच बाजूला असतो, आई सारखी मान मागे घ्यायची की डोळ्यात जाईल. म्हणून चार फूट. अंतर दुप्पट झालं की लाइट चौथाई, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे लाइट निम्मा), ते एक वेळ चालेल, पण लांबून मारल्यावर मागची भिंतही जास्त उजळते आणि पिस्ता बॅकग्राउंडला हजर. खुर्ची भिंतीपासून पाच फूट पुढे ओढली तेव्हा भिंत जरा काळोखात गेली.

अजून एक बावळटपणा. अर्धा तास कळेना की एवढी मोठी छत्री असून सावल्या कडक का, तर फ्लॅशचा झूम २०० वर राहिलेला, म्हणजे झोत अगदी अरुंद. माणूस बसतो तिथे कॅमेरा ठेवून छत्रीचाच एक फोटो काढला तर मधे ताटलीएवढा पांढरा ठिपका, बाकी छत्री अंधारात. झूम २४ वर आणला, दांडा थोडा मागेपुढे सरकवला, कडेपर्यंत भरली. आता दरवेळी आधी छत्रीचा फोटो काढतो.

बाबांचा चष्मा मात्र अजून सुटलेला नाही. काचेत काड्यांसकट अख्खी छत्री दिसते, कोळ्याचं जाळं जसं. लाइट वर आणि बाजूला नेला, हनुवटी थोडी खाली करायला सांगितली, तर छोटी छत्री काचेतून गेली, ४३ वाली एका कोपऱ्यात राहतेच. कुणी यावर काही केलं असेल तर सांगा, चष्मा काढायला ते तयार नाहीत.

रविवारी भाची येतेय, साडेतीन वर्षांची, एका जागी बसणं हा प्रकारच नाही. तिच्यासाठी कव्हर काढून परत शूट-थ्रू करणार, कारण ती कुठेही पळाली तरी लाइट मिळायला हवा, फक्त यावेळी पिस्ता भिंतीवर पडद्याच्या रॉडला चिमटे लावून पांढरी डबलबेडची चादर टांगणार. गणपतीच्या मखराचा एक थर्माकोल माळ्यावर आहे, २०१८ च्या बंदीच्या आधीचा, तो दुसऱ्या बाजूला. आईला चादरीचं अजून सांगितलेलं नाही.