घाम खारट, तरी वरून मीठ का?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि या वेळी पुरतं सांगतो. माझ्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे घाम खारट आणि फुप्फुसातला कफ घट्ट करणारा जन्मजात जनुकीय आजार, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी प्रश्न तोच येतो: तिचा घाम इतका खारट, म्हणजे अंगात मीठ जास्त झालंय, मग तुम्ही वरून आणखी मीठ का देता?

जास्त झालेलं नाही. ते निघून चाललंय.

घामग्रंथीच्या तळाशी तयार होणारा घाम सगळ्यांचाच खारट असतो, जवळपास रक्ताइतका. नळीतून वर येताना तिच्या भिंतीतल्या पेशी सोडियम आणि क्लोराइड परत शोषून घेतात. पाणी मात्र तिथून फारसं परत जात नाही, म्हणून त्वचेवरचा घाम कमी खारट. पेशीपटल मेदाचं असल्यामुळे विद्युतभार असलेला कण त्यातून आपसूक जात नाही, त्याला प्रथिनानं करून दिलेला रस्ता हवा असतो. क्लोराइडचा इथला रस्ता म्हणजे सीएफटीआर नावाचं प्रथिन. ते नसलं की क्लोराइड नळीतच राहतं आणि त्याच्या ऋणभारापायी सोडियमही मागे राहतं. पॉल क्विंटन यांनी 1983 साली दाखवलं, की या आजारात घामनळी क्लोराइडला जाऊच देत नाही. त्यांना स्वतःला हाच आजार होता.

निदानाच्या आधीचा उन्हाळा. ती अंगावर पिणारं बाळ होती. दोन-चार उलट्या, जुलाब नाहीत, ताप नाही, पण पोर निपचित. एका डॉक्टरांनी सांगितलं, ऊन बाधलंय, पाणी पाजा. आम्ही साधं पाणी पाजत राहिलो आणि ती आणखी मलूल होत गेली. दुसरीकडे नेलं तेव्हा रक्तात सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम तिन्ही घटलेले. सलाइन लावता लावता एका तरुण डॉक्टरबाईंनी बायकोला विचारलं, “हिची पापी घेताना खारट लागते का हो?” मला संताप आला. लेकरू असं पडलंय आणि ही कसली चौकशी! बायको मात्र लगेच म्हणाली, “हो, पहिल्यापासून.” तिनं ते मला कधीच सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलं नव्हतं.

मग घामाची तपासणी. हातावर पायलोकार्पिनची, म्हणजे घाम आणणाऱ्या औषधाची पट्टी, त्यातून अगदी सौम्य वीज, मग अर्धा तास घाम गोळा करणं. क्लोराइड लिटरमागे 60 मिलिमोलच्या वर गेलं की आजाराची शक्यता दाट. तिचं 100च्या पुढे. आकडा ऐकून मी काय विचारलं असेल? “मग हिचं मीठ बंद करायचं का?” तुमचाच प्रश्न. त्यामुळे मला तुमच्यावर चिडायचा अधिकार नाही. तरी चिडतो.

तेव्हा मी सगळ्यांना सांगायचो, पेशीचं दार, म्हणजे ते सीएफटीआर, अडकलंय. ते धड नव्हतं. जनुकातल्या ज्या बदलामुळे बहुतेक रुग्णांना हा आजार होतो, त्यात दार तयार होतं, पण नीट घडी न बसल्यामुळे चौकटीपर्यंत पोचण्याआधीच पेशी ते मोडीत काढते. 2019मध्ये मान्यता मिळालेली तीन औषधांची गोळी त्या प्रथिनाला सावरून पटलापर्यंत पोचवते आणि उघडं ठेवते. माझ्या मुलीच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये प्रथिन अर्ध्यातच तुटतं. सावरायला काही उरतच नाही. “नवीन गोळी आलीये ना?” याचं उत्तर हे, आणि ते मला नीट शांतपणे देता येत नाही.

फुप्फुसाचं म्हणाल, तर तिथे हेच प्रथिन बहुतेक उलट्या दिशेनं काम करतं: क्लोराइड श्वासनलिकेच्या पृष्ठभागावर सोडतं, मागोमाग परासरणानं पाणी येतं. ते थांबलं की कफ घट्ट. म्हणून आम्ही तिला मिठाच्या तीव्र पाण्याचे बारीक तुषार नेब्युलायझर यंत्रानं श्वासातून देतो, म्हणजे बाहेर मीठ ठेवून पाणी ओढायचं. इथेही मीठच. त्यावर पुन्हा कुणी तरी विचारतंच, “अहो, किती ते मीठ!”

किती, हे आम्हालाही कायमचं ठरवता आलेलं नाही. ऊन वाढलं, ती खेळून आली, ताप आला, की डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेत प्रमाण बदलतं. बायको चिमूटभर जास्त घालते, मी हात आखडतो. कालही यावर वाद झाला.